बाटल्या घेऊन बेलापूरला

साहेबांनी नाही म्हटलं तो शनिवार होता. सोमवारी सकाळी मी पुणे स्टेशनवर बायकांच्या डब्यात बसले होते आणि माझ्या मांडीवर शालीत गुंडाळलेली वेताची टोपली होती.

परतल्यावर ज्याने त्याने मला विचारलं, नगर जिल्ह्यात एवढं पाहण्यासारखं काय आहे? मी चांदबीबीचा महाल पाहिला नाही. शिर्डीला गेले नाही. किल्ला पाहिला, तोही बाहेरून, आणि तो कसा ते पुढे येईलच. मी गेले होते मातीतले जंतू जंबेरीच्या रोपांना पोचवायला. ज्यांना यात प्रवास दिसत नाही त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

मी पुण्यात एका शेतकी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. माझं टेबल जंतूंचं. जंतू म्हटलं की आपल्याकडे पटकी आणि प्लेग आठवतो, पण चिमूटभर मातीत जे अगणित जंतू असतात त्यांतले कित्येक झाडांचे सोबती असतात. त्यांतली एक जात हवेतला नत्रवायू धरते आणि मातीत आणून ठेवते. झाडाला हवेतून तो थेट घेता येत नाही. मातीतून मुळांना मिळतो. ही जात मी एका मोसंबीच्या बागेतल्या मातीतून वेगळी काढली होती आणि दोन वर्षं वाढवत होते. ती वाढवायला जपानहून येणारं समुद्री शेवाळाचं आगर लागे. लढाई पेटली आणि आगर बंद झालं. मग मी गुळाच्या पाण्यात खडूची भुकटी घालून पाहिली. जंतूंची काही तक्रार दिसली नाही. ते गुळावर अगदी मजेत वाढले.

याच सुमारास नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचे चाँदभाई बागवान आमच्या कचेरीत आले. मोसंबीची कलमं करून विकणं हा त्यांचा धंदा. मोसंबी स्वतःच्या मुळावर नीट उभी राहत नाही. जंबेरी नावाच्या आंबट लिंबाच्या जातीची रोपं वाढवायची आणि त्यांच्या खोडात मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरायचा. चाँदभाईंची जंबेरीच वाढत नव्हती. गोणपाटात बांधून आणलेली पिवळी, बोटभर उंचीची रोपं त्यांनी टेबलावर ठेवली. साहेबांनी अमोनियाचं विलायती खत घालायला सांगितलं. चाँदभाई म्हणाले, ते लढाईमुळे कुठंच मिळत नाही म्हणून तर आलो. साहेब दुसऱ्या कागदाकडे वळले होते.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, मी येते.

साहेबांची नाही म्हणायची कारणं दोन होती. कुंड्यांतले प्रयोग पुरते झाल्याशिवाय बाटली प्रयोगशाळेबाहेर जायची नाही, आणि बाईमाणसाने एकटीने खेड्यात जायचं नाही. पहिलं कारण एकटं असतं तर मी कदाचित त्यावर विचार केला असता. दुसरं ऐकल्यावर मी रजेचा अर्ज लिहिला, तो टेबलावर ठेवला आणि मंजूर होण्याची वाट पाहिली नाही. घरी दादा दोन दिवस बोलला नाही. वहिनीने मात्र दशम्या बांधून दिल्या आणि टोपलीवर स्वतःची शाल घातली, कारण थंडीने जंतू सुस्तावतात एवढं तिने माझ्याकडून ऐकलं होतं.

नगरचा किल्ला

दौंडला गाडी बदलली की देश पालटतो. डोंगर बोडके होत जातात, बाभळी आणि दगड सोडून डोळ्याला धरायला काही उरत नाही. माझं बालपण कोकणातलं. इतकं मोकळं आभाळ पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली आणि मग फार बरं वाटलं.

नगरला उतरून मी मावशीकडे भिंगारला निघाले. तिचे यजमान छावणीत कारकून, तिथेच त्यांची चाळ. टांगा किल्ल्याच्या बाजूने जातो. तेव्हा त्या किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडून ठेवलेले होते आणि आसपासच्या रस्त्यांवर पाखरू फिरकलं तरी बंदोबस्तवाले मान वर करत. नाक्यावर टांगा अडवला गेला. एका हवालदाराने माझी शाल बाजूला केली आणि तो दोन पावलं मागे सरला.

त्याला काय दिसलं ते मला नंतर कळलं. डझनभर बाटल्या, आत गढूळ पाणी, आणि तोंडाशी बुचाऐवजी कापसाचे बोळे. जंतूंना हवा लागते म्हणून बूच चालत नाही. पण बेचाळीसच्या धामधुमीनंतर कापूस खोचलेली बाटली पाहून हवालदाराला हवा आठवली नाही. त्याला पेटवून फेकायचे काकडे आठवले.

मी सांगितलं, हे जंतू आहेत. त्याने आणखी काही पुसलं नाही, माणूस पाठवून गोऱ्या अधिकाऱ्याला बोलावून आणलं. अधिकारी तरुण होता, उन्हाने लाल झालेला, बोलायला सभ्य. मी इंग्रजीत पहिल्यापासून सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे हुकूम दिला, की बाटल्या खड्ड्यात फोडून वर चुना टाका. मी म्हटलं, एक बाटली तुमच्या दवाखान्यात तपासायला द्या, बाकीच्या माझ्या आहेत. तो हसला आणि पाठ फिरवून चालू लागला. हवालदाराने तेवढ्यात चार-पाच बाटल्यांचे बोळे उपटून आत तार घालून पाहिली होती. बाहेरचे जंतू शिरून त्या बाटल्या तिथेच वाया गेल्या.

मी टांग्यातून उतरले, टोपली उचलली आणि रस्त्याच्या कडेला, किल्ल्याच्या खंदकाकडे तोंड करून मातीत बसले. म्हटलं, आता फोडायच्या असतील तर माझ्या मांडीवर फोडा.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात देश नव्हता. दोन वर्षं वाढवलेले जंतू होते आणि ते उपटलेले बोळे होते. पण रस्त्याने जाणाऱ्यांना ते कुठलं ठाऊक असणार. किल्ल्यासमोर एक बाई जमिनीवर बसली आहे आणि उठत नाही, एवढंच त्यांना दिसलं. भाजी घेऊन चाललेल्या दोघी थांबल्या. सायकलवाला उतरला. मग कुणी तरी पाटी खाली ठेवून माझ्या शेजारीच बसलं. बघता बघता वीस-पंचवीस माणसं झाली. माझा टांगेवाला, म्हातारा मुसलमान, घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधून निवांत बिडी ओढत उभा राहिला.

हवालदाराच्या कपाळावर थंडीत घाम आला. त्या किल्ल्यासमोर बाईने बसणं म्हणजे काय, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, उठा. घेऊन जा तुमचं काय असंल ते. आमाला घरदार हाय."

गोऱ्या अधिकाऱ्याने दूर उभं राहून माणसं पाहिली आणि मान हलवली. एक बाटली त्याने ठेवून घेतली. ती त्याने तपासली की खड्ड्यात टाकली, मला ठाऊक नाही. उरलेल्या घेऊन मी भिंगारला पोचले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती.

मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिचे यजमान दाराशी उभे होते. त्यांनी मला बसू दिलं, जेवू दिलं, आणि मग सांगितलं की त्यांची नोकरी याच छावणीतली आहे. सकाळच्या गाडीने मी निघावं हे त्यांना तोंडाने म्हणावं लागलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. पण मावशीने निघताना कापसाचा एक मोठा पुडा माझ्या हातात कोंबला आणि यजमानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की पुढच्या वेळी आलीस तर याच घरी उतरायचं.

बेलापूर

बेलापूर स्टेशन आणि बेलापूर गाव यांत बरंच अंतर आहे, हे पुण्याच्या माणसाला कुणी सांगत नाही. बैलगाडी करावी लागते. नगरच्या उघड्या माळानंतर इथे डोळे निवतात. पाटाचं पाणी आलेली काळी जमीन, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि माघाची थंडी असल्यामुळे जागोजागी गुऱ्हाळं लागलेली. वाऱ्यावर उकळत्या रसाचा वास येत होता. माझ्या बाटल्यांतल्या मंडळींना तो ओळखीचा वाटला असेल.

गाडीवानाने विचारलं, टोपलीत काय. मी म्हटलं, जंतू. तो बैल जरा जोरात हाकायला लागला.

चाँदभाई आणि त्यांच्या पत्नी रहिमतबी नदीच्या अंगाला, बागेतच राहत. दोघंही पन्नाशीची. चाँदभाई उंच आणि बोलके. रहिमतबी ठेंगण्या, हाताने सतत काही तरी करत असणाऱ्या. त्यांनी माझ्यासाठी नवी भांडी आणून ठेवली होती आणि शेजारच्या एका मराठा बाईला माझा स्वयंपाक करायला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, मला तुमच्याच चुलीवरचं द्या. रहिमतबींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पीठ मळायला घेतलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, जंबेरीचं लोणचं आणि ताजा गूळ. पुण्यात तेव्हा तांदूळ रेशनवर झालेला. भाताशिवाय पानावरून उठलं तर आमच्याकडे अजून जेवायचं राहिलंय असं वाटतं. त्या दिवशी मला भात आठवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाफे पाहत होतो, तेवढ्यात पाच-सहा माणसं बागेत आली. पुढे खंडेराव पाटील होते. बागेला लागून त्यांची जमीन, आणि दोघांना पाणी पाटाच्या एकाच चारीचं. गेल्या पावसाळ्यात गावात पटकी येऊन गेली होती. पाटलांच्या घरातून दोन माणसं गेली होती. गाडीवानाने रात्रीतून गावभर केलं होतं, की पुण्याची बाई पटकीचे जंतू बाटल्यांत भरून घेऊन आली आहे आणि ते बागवानाच्या पाण्यात सोडणार आहे.

चाँदभाईंनी मला आधी बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, जंतू म्हनू नका. औषध म्हना. काय बिगडतंय?"

मी म्हटलं, ते औषध नाही, ते जंतू आहेत. आज औषध म्हटलं तर उद्या कुणाला तरी जंतू असल्याचं कळेल आणि मग तुम्हीही खोटे, मीही खोटी. चाँदभाईंना ते पटलं असं नाही. पण त्यांनी मला पुढे होऊ दिलं.

मी पाटलांना सगळं सांगितलं. पटकीचे जंतू वेगळे, हे वेगळे. हे त्यांच्या स्वतःच्या शेतातही आहेत, कमी आहेत इतकंच. पाटलांनी मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी शिकलेल्या हाय. पर आमची मानसं गेली, तवा पन शिकलेलेच आल्ते. आमाला ह्या बाटल्या गावात नगं."

मागचा एक जण म्हणाला, नदीत फेका.

मी म्हटलं, "हे विष असेल तर नदीत टाकून खालच्या सगळ्या गावांना पाजायचं? आणि विष नसेल तर फेकायचं कशाला?"

ते जरा चुळबुळले. मग पाटलांनीच तोड काढली. "मंग पुरा. खड्डा खणून पुरून टाका. पान्यात नगं, उघड्यावर नगं."

"पुरते," मी म्हटलं. "पुरायलाच आणलंय. पुण्याहून इथवर तेवढ्यासाठीच आले. कुठं पुरायचं ते तेवढं मी ठरवते. रोपांच्या मुळाशी पुरते."

मागे कुणी तरी हसलं. पाटील हसले नाहीत. आपला शब्द आपल्याच तोंडून गेल्याचं त्यांच्या ध्यानात आलं आणि ते तो मागे घेणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "आन साथ आली तर?"

"तर मी इथेच असेन. याच चारीचं पाणी पिईन. तुम्ही जा म्हणेपर्यंत हलणार नाही."

"ऱ्हा मंग," पाटील म्हणाले आणि निघून गेले.

माझी रजा, ती मिळाली असती तरी, तीन दिवसांची होती.

काम साधंच होतं. मातीचा पातळ गाळ करायचा, त्यात बाटलीतलं पाणी मिसळायचं, रोपं उपटून मुळं त्या गाळात बुडवायची आणि नव्या वाफ्यात लावायची. पण त्यातही माझं आणि चाँदभाईंचं वाजलं. मी म्हटलं, निम्म्या रोपांना लावायचं आणि निम्म्यांना नाही. दोन्हीकडे शेणखत सारखं, पाणी सारखं. तरच कळेल की फरक जंतूंनी पडला. चाँदभाईंना हे अजिबात मंजूर नव्हतं. सगळीच रोपं आजारी असताना निम्म्यांना मुद्दाम उपाशी ठेवायचं, हे त्यांना माणुसकीला सोडून वाटत होतं. आमचा दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी मी म्हटलं, तसं नसेल तर मी बाटल्या परत घेऊन जाते. ही जबरदस्ती होती, पण मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलेन. चाँदभाईंनी हात वर केले. रहिमतबी वाफ्याच्या कडेला बसून मुळं बुडवत होत्या.

मग राहण्याचे दिवस सुरू झाले. ते प्रवासातले माझे सगळ्यांत चांगले दिवस. हुरड्याचा हंगाम होता. शेकोटीतून निघालेली गरम कणसं हातावर चोळायची आणि ते हिरवे गोड दाणे तिळाच्या चटणीबरोबर खायचे. आमच्या कोकणात पोपटी होते वालाची. तिला माठ लागतो, भांबुर्डीचा पाला लागतो. इथे नुसता विस्तव आणि माणसं पुरतात. मी चारीचं पाणी सर्वांसमोर प्यायचे. पाटलांच्या घरच्या बायका पाणी न्यायला येत आणि हंडा भरण्याआधी मी प्याले का ते पाहत.

एके दिवशी सकाळी गावात एकाएकी शांतता पसरली. पाटलांचे थोरले भाऊ रात्रभर वांत्या करत होते. चाँदभाईंकडे कामाला येणारी माणसं त्या दिवशी आली नाहीत. चारीवर कुणी फिरकलं नाही. चाँदभाई ओट्यावर बसून राहिले. मला जंतूंची भीती नव्हती. पण मी एकटी पुण्याला निघून जाऊ शकत होते, आणि हे दोघं जाऊ शकत नव्हते. गावात बागवानांची घरं मोजकी. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे जाईल, हे आम्ही तिघंही जाणून होतो. मी रहिमतबींना म्हटलं, मी पाटलांच्या घरी जाऊन बसते. त्या म्हणाल्या, आज जाऊ नका. मी गेले.

पाटलांच्या ओसरीवर मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभीच राहिले. थोरले भाऊ आत बाजेवर पडले होते. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तशीच उभी होते. मग आतून त्यांचाच आवाज आला. ते सुनेवर रागावले होते, की कढी पातळ झाली आहे. पाटील बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला होता आणि त्याची त्यांना थोडी लाज वाटत होती. म्हणाले, "काल हुरडा लई खाल्ला त्यानं. वर रस प्याला. दरसाल ह्योच तमाशा." मग थांबून म्हणाले, "जावा तुमी आता पुन्याला. तुमचीबी मानसं वाट बघत असतील."

मी बसायला मागितलं. त्यांनी घोंगडं टाकलं.

आषाढात

पुण्यात साहेबांनी मला जंतूंच्या टेबलावरून काढलं आणि बियाणं निवडायला बसवलं. मी बियाणं निवडलं. आषाढात पुन्हा बेलापूरला गेले. या वेळी रजेचा अर्जही केला नाही.

बागेत शिरले आणि जागच्या जागी थांबले. वाफ्यांतली सगळी रोपं गुडघ्यापर्यंत आली होती. गर्द हिरवी, डोळा भरायला जवळजवळ तयार. जंतू लावलेली निम्मी, आणि न लावलेलीही निम्मी. फरक कुठेच नव्हता.

पाच महिने मी मनात जे धरून होते ते एका नजरेत गेलं. फरक नाही याचा अर्थ जंतूंनी काही केलं नाही. खत, पाणी, हवा, काहीही कारण असेल, जंतू नव्हेत. मी वाफ्याच्या कडेला बसले. चाँदभाई खुशीत रोपांवरून हात फिरवत होते. माझं तोंड पाहून ते थांबले.

तेव्हा रहिमतबी पुढे आल्या. त्यांनी अगदी सरळ सांगितलं. फाल्गुन लागला तशी जंतू लावलेल्या रोपांनी जीव धरला, ती हिरवी झाली. न लावलेली तशीच पिवळी, पानं गाळायला लागली. मग रहिमतबींनी जीव धरलेल्या रोपांच्या मुळाजवळची माती पाटीत भरभरून काढली आणि पिवळ्यांच्या मुळाशी घातली. रोज थोडी. महिन्याभरात तीही हिरवी झाली.

म्हणजे जंतूंनी काम केलं होतं. आणि ते मला आता कधीच कुणाला दाखवता येणार नव्हतं.

मी रहिमतबींवर ओरडले. सहसा मी ओरडत नाही. मी म्हटलं, माझी दोन वर्षं तुम्ही पाटीत भरून टाकलीत. साहेबांसमोर मी आता काय ठेवू? त्या मागे सरल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमचं काम बिगडलं आसंल, बाई. पर माज्या डोळ्यांपुढं मरत हुती. मला कळलं हुतं इलाज कुठं हाय. मी नुसतं बघत बसू?"

"हो, बसायचं. मी तसंच सांगितलं होतं."

"तुमच्या साहेबानं तुमाला बसायलाच सांगितलं हुतं नव्हं," रहिमतबी म्हणाल्या.

चाँदभाई मध्ये पडायला आले आणि आम्हा दोघींचे चेहरे पाहून परत गेले. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाही. निघताना मी चाँदभाईंना एवढंच म्हटलं, की माघात नवे वाफे तयार ठेवा.

साहेबांना मी घडलं ते सांगितलं, लपवलं काही नाही. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, मंजुरी नसलेला प्रयोग, तोही फसलेला; तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही. मी म्हटलं, नाही. म्हणून माघात परत जाते आहे. ते म्हणाले, रजा मिळणार नाही.

"मी रजा मागायला आले नाही," मी म्हटलं. "जाणार आहे ते सांगायला आले."

प्रयोगशाळेची काच मला आता मिळत नव्हती. मी बाजारातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणल्या आणि जंतू घरी वाढवले, वहिनीच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला. दादा एकदा म्हणाला, या घरात आता लोणच्याच्या बरण्यांना जागा नाही. वहिनीने त्याला सांगितलं, की यंदा लोणचं नाही. माघात निघाले, भिंगारला मावशीकडेच उतरले. तिचे यजमान तिला घाबरून असावेत; त्यांनी स्वतः टोपली आत नेऊन ठेवली. किल्ल्याजवळच्या नाक्यावर या वेळी दुसरा माणूस होता. मी शाल आपणहून बाजूला केली आणि त्याने विचारण्याआधीच म्हटलं, जंतू. त्याने जाऊ दिलं.

बेलापूरला पोचले तेव्हा वाफे तयार होते. खत पडलेलं, सऱ्या ओढलेल्या, अगदी मला हवे तसे. पाटलांच्या थोरल्या भावाने दोन पाट्या रोपं आपल्याकडचीही आणून ठेवली होती, बघू जमतंय का म्हणून. रहिमतबी तिथे नव्हत्या. चाँदभाईंनी बोट दाखवलं.

त्या पलीकडे, जंतूंविना ठेवायची रोपं लावून झालेल्या वाफ्यांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालत होत्या. छातीइतकं उंच, आत हात घालायलाही फट नाही असं. वाट ठेवली नव्हती. पाणी जाईल एवढं भोक तेवढं खाली. त्यांचे दोन्ही हात ओरबाडलेले होते.

सात महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. मी जवळ जाऊन म्हटलं, बागेला बाहेरून कुंपण आहेच, आत शेळ्या येतात कुठून?

"शेळ्यांसाठी न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "माज्यासाठी घातलंय."

आणि तळहातात घुसलेला काटा दातांनी ओढून काढायला लागल्या.